इनुइटांची शाळा इनुइटांची कधी होते?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाच्या उत्तर टोकाच्या मूळ रहिवाशांना, म्हणजे इनुइटांना, १९७५पासून एकामागून एक जमिनीचे करार मिळाले, नुनावुतसारखा अख्खा प्रदेश मिळाला, नुनाविकमध्ये स्वतःचं शाळा मंडळ मिळालं. मग एवढं हाती आल्यावरही तिथली मुलं तिसरी-चौथीनंतर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच का शिकतात? आणि स्वशासन आलं की भाषा वाचते, हे म्हणणं कितपत खरं?

प्रबंधासाठी हवंय म्हणालीस, म्हणून हातचं न राखता लिहिते. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी तीन वर्षं शिकवलं आणि पुढे बारा वर्षं इनुइट शिक्षिकांच्या प्रशिक्षणात काम केलं. त्यामुळे माझं बोलणं वर्गाच्या बाजूने झुकलेलं असेल, हे धरूनच वाच.

माझं उत्तर आधी सांगते. स्वशासन लागतंच, त्याशिवाय काही होत नाही. पण सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम वेगळंच आहे: त्या भाषेत सातवी-आठवीचं विज्ञान शिकवू शकतील अशी माणसं घडवणं. हे काम जिथे स्वशासनाच्या कितीतरी आधी सुरू झालं, तिथे भाषा वरच्या वर्गापर्यंत पोचली. जिथे करारावर सह्या आधी झाल्या आणि शिक्षक नंतर शोधायला निघाले, तिथे ती दुसरी-तिसरीच्या उंबरठ्यावर अडली.

कॅनडातला इनुइटांचा मुलूख म्हणजे 'इनुइट नुनांगात', त्याचे चार भाग आहेत. २०१६च्या जनगणनेत इनुइट भाषेत संभाषण करू शकणाऱ्यांचं प्रमाण नुनाविकमध्ये जवळजवळ ९९ टक्के, नुनावुतमध्ये ८९, पश्चिमेच्या इनुविआलुइट भागात २२ आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या नुनात्सियावुतमध्ये २१ टक्के होतं. आता करारांची वर्षं बघ: नुनाविक १९७५, इनुविआलुइट १९८४, नुनावुत १९९३, नुनात्सियावुत २००५. इनुविआलुइटांना करार नुनावुतच्या नऊ वर्षं आधी मिळाला, तरी भाषा इतकी खाली. म्हणजे कराराची तारीख आणि भाषेची तब्येत यांचा सरळ हिशोब लागत नाही. खरा हिशोब करार होईपर्यंतच्या दोन पिढ्यांत शाळेने काय केलं याचा आहे.

लॅब्राडोरची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तिथे मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी १७७१मध्ये नेन इथे ठाणं टाकलं. धर्मांतरासाठीच आले होते ते, जुन्या चालीरीतींवर त्यांनी घावही घातले. पण शिकवलं इनुइटांच्या भाषेत. एकोणिसाव्या शतकात त्या किनाऱ्यावरची माणसं आपल्या भाषेत वाचत-लिहीत होती. १९४९मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर कॅनडात सामील झाले आणि शाळा इंग्रजी झाल्या. त्यानंतर उत्तरेकडची गावंच बंद केली, १९५६मध्ये नुटाक आणि १९५९मध्ये हेब्रॉन. माणसं दक्षिणेकडच्या गावांत हलवली, आणि तिथे ती उपरी ठरली. पावणेदोनशे वर्षांची साक्षरता दोन पिढ्यांत विरून गेली. २००५च्या करारात नुनात्सियावुत सरकारला शिक्षणाचे अधिकारही आहेत, पण ज्या भाषेत शिकवायचं ती सहज बोलणारी माणसं तोवर बहुतेक आजी-आजोबांच्या वयाची झाली होती.

आता नुनाविक. क्वेबेक प्रांताचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा, चौदा गावं, दक्षिणेकडे जाणारा एकही रस्ता नाही. १९७१मध्ये क्वेबेकचे पंतप्रधान रोबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराला मिळणाऱ्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ज्यांच्या शिकारीच्या वाटा पाण्याखाली जाणार होत्या त्या इनुइटांना आणि क्री या शेजारच्या मूळ रहिवासी लोकांना कुणी विचारलंच नाही. ते कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३मध्ये न्यायमूर्ती अल्बेर मालुफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवडाभरात वरच्या कोर्टाने तो उठवला, पण सरकारला वाटाघाटीला बसावंच लागलं. ११ नोव्हेंबर १९७५ला जेम्स बे आणि उत्तर क्वेबेक करार झाला. त्यातूनच कातिविक शाळा मंडळ, कातिविक प्रादेशिक सरकार आणि भरपाईचा पैसा सांभाळणारी माकिविक ही संस्था उभी राहिली. 'कातिविक' म्हणजे जिथे माणसं एकत्र येतात ती जागा.

वाटाघाटी करणारे इनुइट बहुतेक विशी-तिशीतले होते. त्यांतल्या झेबेडी नुंगाक यांना लहानपणी आणखी दोन मुलांबरोबर ओटावाला नेऊन गोऱ्या कुटुंबात ठेवलं होतं, इनुइट मूल इंग्रजी शाळेत किती 'पुढे जातं' हे बघायचा सरकारी प्रयोग म्हणून. त्या मुलांतले दुसरे पीटर इट्टिनुआर, ते १९७९मध्ये कॅनडाच्या संसदेत निवडून गेलेले पहिले इनुक (इनुइटचं एकवचन). घर तोडून दिलेलं शिक्षण या मुलांनी घराच्याच कामी लावलं. त्याची किंमत त्यांनी काय मोजली, हे त्यांच्या पिढीतल्या माणसांशी बोलताना कळतं. ती माणसं बोलता बोलता थांबतात, खिडकीबाहेर बघतात आणि विषय बदलतात.

तुझ्या प्रबंधात एक गोष्ट मात्र सोडू नकोस. हा करार सगळ्यांनी मानला नाही. त्यात जमिनीवरचे मूळ हक्क सोडून देण्याचं कलम होतं. पुविर्निटुक, इवुयिविक ही दोन गावं आणि सालुइटमधली बरीच माणसं म्हणाली, जमीन विकायची वस्तू नाही, आम्ही सही करणार नाही. पुविर्निटुक आणि इवुयिविकने आपल्या शाळांचा कारभारही बराच काळ स्वतःच्या मताने चालवला. १९८४पासून त्यांनी क्वेबेकच्या आबितिबी-तेमिस्कामिंग भागातल्या विद्यापीठाबरोबर शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू केलं. काय शिकवायचं, कधी, कोण शिकवणार, हे सगळं गावातल्या शिक्षिका आणि विद्यापीठातली माणसं एकत्र बसून ठरवत. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन गावं हट्टी वाटतात. माझ्या मते स्वशासन म्हणजे काय, याचा नुनाविकमधला सगळ्यात खोल धडा त्यांच्याकडेच आहे.

पुविर्निटुकचेच तामुसी कुमाक. कधी शाळेत न गेलेला शिकारी माणूस. गावाच्या कारभारात होते, गावात एक छोटं संग्रहालय उभं केलं, आणि पुढे वर्षानुवर्षं बसून इनुक्टिटुटचा, म्हणजे तिथल्या इनुइट भाषेचा, शब्दकोश लिहिला. तो १९९१मध्ये अवाताक सांस्कृतिक संस्थेने छापला. त्यात शब्दाचा अर्थ इनुक्टिटुटमध्येच दिलेला आहे. इंग्रजी अर्थ देणारे कोश बाहेरच्यांच्या सोयीचे असतात. हा कोश इनुइट वाचकासाठी आहे. प्रशिक्षणात मी तो मधे ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. शिक्षिका एकेका शब्दावर तासन्‌तास बोलायच्या.

आता वर्गाकडे येते, कारण 'इनुइटांच्या हातातलं शिक्षण' म्हणजे काय हे मला कागदांतून कळलं नाही, वर्गात कळलं.

इनुइट बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात. नुनाविकमध्ये त्या नावबंधूला 'साउनिक' म्हणतात. नुसती आठवण म्हणून ठेवलेलं नाव नसतं ते. नावाबरोबर नातंही येतं. माझ्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. गावातली एक म्हातारी त्याला 'माझे वडील' म्हणून हाक मारायची, कारण तिच्या वडिलांचं नाव त्याच्याकडे होतं. मला हे माहीत नव्हतं. एक दिवस मी त्याला सगळ्यांदेखत रागावले, आवाज चढवून. दुसऱ्या दिवशी ती बाई वर्गात आली, मागे बसली आणि दुपारपर्यंत कातडी बूट शिवत राहिली. एक शब्द बोलली नाही. माझ्याबरोबर शिकवणारी इनुइट शिक्षिका मला नंतर म्हणाली, "तू तिच्या वडिलांवर ओरडलीस." पुढे तिने समजावलं, की मुलावर ओरडणारा मोठा माणूस इथे पोरकट समजला जातो, ज्याच्यात 'इसुमा' म्हणजे समज पिकली आहे तो ओरडत नाही. मूल बघून शिकतं, चुकतं, पुन्हा करतं. मोठ्यांनी करून दाखवायचं आणि वाट बघायची.

आता विचार कर, दक्षिणेकडून दरवर्षी नवे शिक्षक येतात आणि बरेच जण दोन-तीन वर्षांत परत जातात. शिस्तीचा तक्ता भिंतीवर लावतात, हात वर करून पटकन उत्तर देणाऱ्या मुलाला शाबासकी देतात. इनुइट घरात मात्र नीट न बघता पटकन बोलणं हा गुण नव्हे. मूल गप्प राहतं आणि अहवालात 'सहभाग कमी' अशी नोंद होते. अभ्यासक्रम इनुक्टिटुटमध्ये छापून ही अडचण सुटत नाही. वर्गात कोण उभं आहे, यावरच ते ठरतं.

या शाळांमध्ये 'संस्कृती' नावाचा तासही असतो. मुली शिवण शिकतात, मुलं लाकूडकाम, घसरगाडी बांधणं. शिकवायला गावातली जाणती माणसं येतात आणि ते तास खरंच चांगले असतात. तरी मला त्याची खंत वाटते. आठवड्यातले थोडे तास संस्कृतीला आणि उरलेला सगळा वेळ 'खऱ्या' विषयांना, हा संदेश मूल बरोबर पकडतं. घसरगाडीच्या बांधणीत भूमिती आहे, घर्षण आहे, लाकूड-दोरीचं शास्त्र आहे. पण त्याचे गुण गणितात मोजले जात नाहीत. मेमध्ये हंसांचे थवे येतात आणि वर्ग रिकामे होतात. तेव्हा मुलं शाळा बुडवत नसतात, ती दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. ज्या गावांनी शाळेची सुट्टीच त्या काळात आणली, तिथे पालक आणि शाळा यांच्यातली ओढाताण खूप कमी झालेली मी पाहिली.

मग तिसरी-चौथीनंतर इनुक्टिटुट का थांबते? बालवाडी आणि पहिली-दुसरीत ती शिकवण्याची भाषा आहे. तिसरीच्या आसपास पालक इंग्रजी किंवा फ्रेंच निवडतात. एक कारण अधिकाराचं आहे. मंडळ अभ्यासक्रम आखू शकतं, पण शेवटचं प्रमाणपत्र प्रांताचं आणि त्याची परीक्षा इंग्रजी-फ्रेंचमध्ये. परीक्षेची भाषा हळूहळू खालच्या इयत्तांपर्यंत झिरपते. दुसरं कारण माणसांचं. प्रशिक्षण १९७५च्या सुमारासच मॅकगिल विद्यापीठाबरोबर सुरू झालं आणि त्याची रचना चांगली होती: शिक्षिकांनी गाव सोडायचं नाही, नोकरी करत शिकायचं, आणि शिकवणारी इनुइट शिक्षिका असायची, विद्यापीठाचं माणूस तिच्या मदतीला. पण प्रशिक्षण घेणाऱ्यांत बहुतेक बायका, घरी चार-पाच मुलं, लहानशा घरात तीन पिढ्या. एक-एक विषय पुरा करत प्रमाणपत्र हाती यायला आठ-दहा वर्षं लागतात. प्रमाणपत्र मिळालं की गावातली नगरपालिका, दवाखाना, विमानतळ सगळ्यांनाच ती बाई हवी असते, आणि पगार तिथे बरा असतो. स्वशासनाच्या कचेऱ्यांनाही शिकलेली माणसं लागतात, आणि ती त्याच मोजक्या माणसांतून घ्यावी लागतात. माझ्या पहिल्या तुकडीतल्या अकरा जणींपैकी पाच वर्षांनी वर्गात चौघी उरल्या होत्या. बाकीच्यांनी गावाचंच काम केलं, त्यांना बोल लावायची माझी तयारी नाही.

तिसरं कारण शब्दांचं, आणि हे काम मला सगळ्यात जास्त आवडायचं. इनुक्टिटुटमध्ये संस्कृतसारखं द्विवचन आहे: इनुक म्हणजे एक माणूस, इनूक म्हणजे दोन, इनुइट म्हणजे तीन किंवा अधिक. 'हे' म्हणायचं तरी वस्तू कशी आहे ते आधी बघावं लागतं. एका जागी आटोपशीर असेल तर 'उना', लांब पसरलेली किंवा सरकणारी असेल तर 'मान्ना'. बिंदू आणि रेषा यांतला फरक जी भाषा सर्वनामातच सांगते, तिला भूमिती जड का जावी? पण पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून भाषांतर केलेली, तिथे या खुबीचा पत्ताच नाही. संगणकाला त्यांनी 'मेंदूसारखं काहीतरी' या अर्थाचा शब्द घडवला, तो लगेच तोंडी बसला. शब्द घडवता येतात. घडवायला बसणारी माणसं, वेळ आणि छापणारा हवा.

नुनावुतबद्दल थोडक्यात. १९७६मध्ये मागणी पुढे आली, १९८२मध्ये वायव्य प्रदेशाच्या विभाजनावर सार्वमत झालं, २५ मे १९९३ला करारावर सही आणि १ एप्रिल १९९९ला प्रदेश अस्तित्वात आला. वीस लाख चौरस किलोमीटरवर पंचवीस गावं, २०२१मध्ये लोकसंख्या ३६,८५८. विधानसभेत पक्ष नाहीत, सहमतीने कारभार चालतो. पण हे सगळ्या रहिवाशांचं सरकार आहे, इनुइट फक्त बहुसंख्य आहेत, हे नीट लक्षात घे. सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येइतकं असावं असं करारात आहे, प्रत्यक्षात ते अर्ध्याच्या आसपास राहिलं. २००८च्या शिक्षण कायद्याने सर्व इयत्तांत द्विभाषिक शिक्षणाचं वचन दिलं होतं. शिक्षक नाहीत म्हणून २०२०च्या दुरुस्तीने ते पातळ केलं आणि मुदत २०३९पर्यंत लांबवली. तेव्हा इनुइटांची करार सांभाळणारी संस्था नुनावुत तुन्नगाविक २०२१मध्ये प्रदेशाच्या सरकारविरुद्ध कोर्टात गेली. माझं मत स्पष्ट आहे: मुदत लांबवण्यापेक्षा शिक्षक-प्रशिक्षणावर दुप्पट-तिप्पट खर्च करायला हवा होता, तोही १९९९च्या पहिल्याच वर्षी.

ग्रीनलंड शेजारी ठेवून बघ, तिथलेही बहुतेक लोक इनुइटच, म्हणजे माझा मुद्दा दिसेल. न्यूक इथे १८४०च्या दशकात स्थानिक धर्मशिक्षक घडवणारं विद्यालय निघालं, आणि हेच लोक गावोगावी शाळामास्तर झाले. १८६१मध्ये ग्रीनलंडी भाषेत वृत्तपत्र सुरू झालं. १९५०नंतर डेन्मार्कने डॅनिश शिक्षकांचा लोंढा आणून ही घडी बरीच विस्कटली. तरी १९७९मध्ये अंतर्गत स्वशासन आलं तेव्हा आपल्या भाषेत शिकवणाऱ्यांची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी होती. २००९मध्ये ग्रीनलंडी हीच अधिकृत भाषा झाली. वरच्या शिक्षणासाठी डॅनिश अजून लागते, तिथला झगडाही संपलेला नाही. पण तो झगडा महाविद्यालयाच्या दारात चालू आहे, तिसरीच्या वर्गात नाही.

अलास्कातल्या इनुइटांचं एक उदाहरण तुझ्या प्रबंधात यायलाच हवं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काक्टोविक गावच्या शाळेतल्या मुलांच्या लक्षात आलं, की आपली मोजणी विसांची आणि लिहायचे अंक दहांचे. कोकणातली जुनी माणसं 'दोन विसा, तीन विसा' मोजत, तशीच ही मोजणी, हातापायांच्या बोटांवरून आलेली. मुलांनी स्वतः वीस चिन्हं घडवली: एक ते चारसाठी तितक्याच काठ्या, पाचाच्या पटींसाठी वर आडवी खूण. बेरीज करताना खुणा एकमेकींत मिसळल्या की उत्तर डोळ्यांना दिसतं. शिक्षकाने वाट अडवली नाही. १९९८मध्ये इनुइट सर्कंपोलर परिषद या इनुइटांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हे अंक वापरावेत असा ठराव केला, आणि २०२२मध्ये ते युनिकोडमध्ये आले.

तुझा शेवटचा उपप्रश्न लिपीचा होता. नुनाविकमध्ये आणि नुनावुतच्या बहुतेक भागात अक्षरलिपी चालते. ती मूळ क्री भाषेसाठी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४०च्या सुमारास घडवली. तिच्यावर पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीचीही छाप आहे, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या लिपीचा एक दूरचा धागा त्या बर्फातल्या फळ्यावर पोचलाय. एकच आकार चार दिशांना फिरवायचा, दिशेप्रमाणे स्वर बदलतो. सुट्या व्यंजनाला वर लहान चिन्ह, आपल्या पाय मोडलेल्या अक्षरासारखं काम करणारं. २०१९मध्ये इनुइट तापिरीत कानातामी या राष्ट्रीय संस्थेने सगळ्या बोलींसाठी एक सामाईक रोमन लेखनपद्धती मान्य केली. हेतू समजण्यासारखा आहे: चार मुलुखांसाठी एकच पाठ्यपुस्तक छापता यावं. नुनावुतमधल्या आर्व्हियात गावात जे इनुइट विद्यापीठ उभं राहायचंय, त्यालाही ती लागेल.

मला विचारशील तर पहिल्या काही इयत्तांत अक्षरलिपीला हात लावू नये. नुनाविकमध्ये मुलं ती घरातच शिकत आली आहेत, आजीच्या बायबलवरून, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवरून. सामाईक रोमन पाचवीनंतर आणावी, विज्ञान-गणिताच्या पुस्तकांपासून सुरुवात करून. माझ्याबरोबर शिकवणारी ती शिक्षिका आता तिच्या गावात मुख्याध्यापिका आहे. तिला हे अर्धंच पटतं. तिच्या मते रोमन आणायचीच नाही, छपाईचा खर्च सरकारने सोसावा. तुला हवं असेल तर तिला विचारून तुमची गाठ घालून देते. मात्र मेमध्ये फोन करू नकोस, ती हंसांच्या मागे गेलेली असेल.